उरलेल्या पाच आठवड्यांच्या गोळ्या

बोरगाव मेघेत रविवारी सकाळी सुलोचना पोहे भिजवत होती. तिचा मुलगा रुपेश जामिनावर सुटून चारच दिवस झाले होते. मारामारीच्या केसमध्ये पोरगं आठ महिने जेलात सडलं आणि खटला अजून उभासुद्धा राहिला नव्हता.

गावातल्या आशा कार्यकर्त्या प्रमिलाबाई रुपेशच्या गोळ्या घेऊन आल्या. "बारा आठवडे गोळ्या घ्याच्या हाय. जेलात सात आठवडे झाले, पाच राह्यले. तिथल्या गर्दीत टीबीचा जंतू अंगात शिरला, पन तो झोपून हाय. याच्यापासून आता कोनाले काही होत नाई. तो जागा होऊ नये म्हनून ह्या गोळ्या."

सुलोचनाने ऐकला तो एकच शब्द, टीबी. तिने आधी रुपेशचं ताट वेगळं काढलं.

"माह्या पोरीले, मोनालीले, पाह्यले पाहुने येऊन राह्यले, ताई. गोळ्या दिसल्या त उठून जातीन. तुमी येऊ नका आता. रुपेश, तुले दुखते का काही?"

"नाई," रुपेश म्हणाला. तो फार थकला होता. आपल्यापायी बहिणीचं लग्न मोडू नये, एवढंच त्याला वाटत होतं. त्याने गोळ्या सोडल्या.

लग्न जमलं. साखरपुड्यापर्यंत रुपेशला ताप येऊ लागला, खोकला थांबेना. "बिडीचा खोकला हाय," सुलोचना सांगायची आणि कोणाला शंका नको म्हणून त्याला सगळ्यांत बसवायची. काय म्हणावं या शहाणपणाला! रोग पसरत नव्हता तेव्हा ताट वेगळं, पसरायला लागला तेव्हा पंगतीत!

शेवटी रक्त पडलं. रुपेश सरकारी दवाखान्यात भरती झाला. घरच्यांची तपासणी झाली. मोनालीच्या अंगातही जंतू निघाला, झोपलेला.

"लग्न होऊ दे, मंग घेजो गोळ्या," सुलोचना रडत म्हणाली.

"दादाले बी हेच सांगतलं होतं ना, आई?"

मोनालीने होणाऱ्या नवऱ्याला, अश्वजितला, फोन लावला.

"मी टीबीच्या गोळ्या घेऊन राह्यली. मले रोग झाला नाई, होऊ नये म्हनून घेतो. दादाले टीबी हाय, साखरपुड्यात थो तुमच्या पंगतीत बसला होता, म्हनून तुमच्या घरच्यायले बी तपासून घ्या. आता लग्न करायचं का नाई, थे सांगा."

उत्तराची वाट न पाहता मोनालीने फोन कानाला तसाच धरून गोळ्या घेतल्या.

त्या फोनच्या पलीकडे तुम्ही असता, तर काय उत्तर दिलं असतं?