रंगाचा हात

दहा वर्षांचा बेत देवश्रीने ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर झोकात मांडला होता. बीएस्सी तीन, एमएस्सी दोन, पीएचडी पाच. २०३६ साली डॉक्टर देवश्री. बन्नीमंटपातल्या त्या घरात बी.कॉम.च्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे कागद आठवडाभर फ्रिजवर मिरवत होता.

प्रवेशाच्या मुलाखतीसाठी जनुकशास्त्राच्या बाईंनी घरची वंशावळ मागितली होती. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि एकच आजार ज्यांना झाला त्यांचे आकार काळे करायचे. देवश्रीने तोच कागद उलटा केला आणि त्र्यंबकमामाला बोलावलं. आईचा हा थोरला भाऊ दर महालयाला पितरांना पाणी सोडायचा; घराण्यातल्या सगळ्या गेलेल्यांची नावं त्याच्या वहीत होती.

"आपल्याकडे रोग नव्हताच, नोडु," मामा नेहमीसारखं कानडी मिसळत ऐटीत म्हणाला. "रंग बाधला, अष्टे, एवढंच."

पणजोबा वेंकोबा साड्या छापायचे. चाळिशी उलटली आणि त्यांचे हात आपोआप हलू लागले, मग पाय, मग जीभही ऐकेना. आजोबा गुंडेरावांचंही तेच. घरात त्याला रंगाचा हात म्हणत. स्वतःचा हात हलताना दिसला त्याच आठवड्यात गुंडेरावांनी रंगाच्या कढया मोडीत काढल्या. पुढच्या वर्षी देवश्रीची आई जन्मली.

"बाबांनी धंदा सोडला म्हणून आपण वाचलो," मामा म्हणाला. हे वाक्य देवश्रीला लहानपणापासून पाठ होतं.

तिने दोन चौकोन काळे केले. गुंडेरावांशेजारी त्यांच्या बहिणीचं वर्तुळ होतं.

"ही कशानं गेली?"

"अनुसूयाआत्या? तिचा रंगाशी काय संबंध! बायकांना कढईजवळ फिरकू देत नव्हते. बन्नूरला दिली होती, ऊस पिकवणाऱ्या घरात. विहिरीत पडली, पाप, बिचारी."

"पाय घसरला?"

"तोल जायचा तिचा." मामा वहीकडे बघत राहिला. "शेवटी शेवटी ताटसुद्धा धरवत नव्हतं."

देवश्रीने तेही वर्तुळ काळं केलं. रंगाचा काही दोषच नव्हता. उगाच त्या कढयांवर आळ घेतला होता सगळ्यांनी. स्वयंपाकघरात भांडं पडलं. उगादीपासून आईच्या रांगोळीची रेघ सरळ येत नव्हती, आणि चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सगळे तिची थट्टा करत होते. सगळ्यात जास्त देवश्रीच.

"साकु, पुरे आता," मामाने वही मिटली. "बाईंना हे दाखवू नको, बेडा. उद्या तुझं लग्न ठरवताना कोण विचारेल आपल्याला?"

आई दारात उभी होती. अर्धी कॉफी बशीत सांडली होती.

"दादा, हात हलू लागल्यावर बाबा किती वर्षं बोलू शकत होते?"

मामाने मान खाली घातली. "सात."

आईने पेन्सिल घेतली, आपलं वर्तुळ शोधलं आणि काळं केलं. पेन्सिल रेघेबाहेर गेली. त्या वर्तुळातून एक रेघ सरळ खाली देवश्रीच्या कोऱ्या वर्तुळाला येऊन मिळत होती. देवश्रीला तिथून नजर काढवेना.

"बाईंना दाखव," आई म्हणाली. तिने कागद उलटा केला आणि त्या ऐटदार बेतावरून बोट फिरवत २०३६ पर्यंत आली.

"दहा वर्षं फार झाली गं. तीन कमी होतात का बघ."