पायांतली साखर

“चाकावरचं वजन वाढवलंत ना गुपचूप?” पायडल मारता मारता त्याने विचारलं.

“वाढवते तेव्हा सांगते, काका. पाय चालवा.”

जागच्या जागी फिरणाऱ्या त्या सायकलवर बसल्यापासून अग्निशमन दलातल्या या जुन्या शिडीवाल्याला तपासनीस बाईंचा भरवसा वाटत नव्हता. पन्नाशी उलटलेल्यांना शिडीवरून काढून टेलिफोनपाशी बसवायचं, हे वरून ठरलेलंच असणार. चाचणी नुसती दाखवायला. त्यात ही बाई दर चार मिनिटांनी कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घेत होती.

वेळ भरायच्या आतच, बाविसाव्या मिनिटाला पाय थांबले. धाप लागली नव्हती. मांड्याच कुणी काढून नेल्यासारख्या झाल्या.

बाईंनी शेवटचा थेंब यंत्रात घातला. आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“इतकं दमल्यावर रक्तात आम्ल चढतं. तुमचं जेमतेम आहे. अंग चोरलंत?”

“मी? तेहतीस वर्षं माणसं खांद्यावर घेऊन उतरलोय, बाई!”

“मग सकाळी खाल्लं काय?”

हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. रक्त तपासणार म्हटल्यावर साखर सापडेल, या धास्तीने तो दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता. वर सराव म्हणून आठ मजल्यांचा जिना रोज वीस वेळा चढला होता. शेवटी चाचरत त्याने सगळं सांगितलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, पायांतली साखर जिन्यावरच संपवलीत! जळायलाच काही नाही तर धूर कुठून निघणार, हे तुम्हाला मी सांगायचं?”

मग त्यांचा आवाज खाली आला. “कागदावर रकाने दोनच आहेत. ‘दमला’ लिहिलं तर शिडी सुटली. ‘कुचराई’ लिहिते. ठपका बसेल, पण महिन्याने परत चाचणी मिळेल. जेवून या.”

त्याने त्यांना निरखलं. यातही काहीतरी मेख असणार. पण चेहरा साधा होता, आणि तेच त्याला जास्त जड गेलं.

“‘दमला’ लिहा.”

“काका, शिडी जाईल.”

“जाऊ दे. कुचराई नाही केली मी.”

सही करण्याआधी त्याने तो रकाना दोनदा वाचून घेतला. बाईंनी हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. एक पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे घेतला आणि तो उतरला. मग मांड्यांची थरथर थांबेपर्यंत भिंतीवरचा तक्ता वाचत असल्यासारखा उभा राहिला.