पश्चिमेच्या लोबमधला उजेड

थोरलीने पडद्यावरचं चित्र इतकं मोठं केलं की त्याचे चौकोन सुटे दिसू लागले. मधल्या काही चौकोनांत फिकट उजेड होता. धाकटी शेजारी उभी होती, ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत.

"तारा असेल," थोरली म्हणाली.

"तारा नाही गं ताई. पसरट आहे."

"मग मागची एखादी लांबची दीर्घिका."

"असेलही. म्हणून तर तुझ्याकडे आले."

दोघी बहिणी एकाच वेधशाळेत कामाला होत्या. त्या जिचा अभ्यास करत त्या रेडिओ दीर्घिकेच्या दोन बाजूंना दोन अवाढव्य लोब, म्हणजे तिने बाहेर फेकलेल्या विद्युतभारित कणांचे ढग, फुगलेले होते. रेडिओ दुर्बिणीला ते ठसठशीत दिसत. साध्या दुर्बिणीतून पाहावं तर तिथे नुसता काळोख. त्या काळोखात दृश्य प्रकाश शोधण्यात, पूर्वेच्या लोबमागे, थोरलीची उमेदीची वर्षं गेली होती, आणि हाती काही लागलं नव्हतं. धाकटीला या कामात तिनेच ओढलं, कॅमेरा हाताळायला तिनेच शिकवलं. आणि धाकटीने आल्या आल्या पश्चिमेचा लोब धरला; पडद्यावरचा उजेड तिथलाच होता. आज सकाळी चहा गाळताना थोरलीने आईला शेजारणीशी बोलताना ऐकलं होतं, "आमच्या धाकटीने शोध लावलाय म्हणे." गाळणीतला चहा निम्मा ओट्यावर सांडला होता.

"फिल्टर फिरवून चित्रं घेतलीस ना? ठेवून जा. जेवण झाल्यावर ये."

कसोटी सोपी होती. तारा किंवा दीर्घिका असेल, तर फिल्टर कसाही फिरवा, उजेड सारखाच राहणार. लोबचा स्वतःचा असेल, तर तो ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असणार, आणि फिल्टर फिरेल तसा कमीजास्त होणार.

दार लागल्यावर थोरली कामाला बसली. उजेड सारखाच राहावा, असं तिला मनापासून वाटत होतं. हात मात्र सवयीने नीट चालले. एका चित्रात उजेड चढला, पुढच्यात निम्म्यावर आला. कॅमेऱ्याचा दोष असेल म्हणून तिने आजूबाजूचे तारे मोजले. त्यांचा उजेड जराही बदलला नाही. एक चित्र खराब मानून वगळलं, पुन्हा सगळं केलं; मग दुसरं वगळून आणखी एकदा केलं. तारे तसेच राहिले, तो उजेड पुन्हा कमीजास्त झाला.

'नक्की सांगता येत नाही' एवढं म्हटलं तरी भागणार होतं. ताईचा शब्द धाकटीने आजवर मोडला नव्हता. थोरली उठली, खिडकी उघडली, बंद केली, परत येऊन बसली.

धाकटी आली ती दारातच थांबली.

"काय निघालं?"

"लोबचाच आहे."

धाकटीच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. ती हळूच स्टुलावर टेकली.

"नक्की ना?"

"तीनदा काढलं. त्यात दोनदा तो तुझा नसावा म्हणून."

धाकटीने मान खाली घातली. "मलाही वाटत होतं, नसावा."

"तुला का?"

"असला तर तू माझ्याशी बोलशील की नाही, तेच कळत नव्हतं."

थोरलीने पडद्यावरचं चित्र पुन्हा लहान केलं. सकाळपासून छातीत जे रुतलं होतं, ते तसंच होतं.

"थोडे दिवस नाही बोलणार," ती म्हणाली. "मग बोलेन."

आणि तिने कीबोर्ड धाकटीकडे सरकवला.