गोधड्यांखालची वीस मिनिटं

माझी बायको गुलसून गेली त्याला वर्ष झालं. वर्षाच्या जेवणाला अंगणात साठ माणसं होती, आणि तिची थोरली बहीण सायरा एकटीच साठांएवढी बोलत होती.

"भावोजी, उलजानला मी बिश्केकला नेते. तुमच्याच्यानं तिचं होणार नाही. जेवण झालं की झापार आजोबांसमोर ठरवून टाकू."

झापार आजोबा गावातले सगळ्यांत वडीलधारे, त्यांचा शब्द अखेरचा. उलजान माझी मुलगी. सव्वीस वर्षांची, स्वमग्न. गावची लोकर तीच पिंजते, तिचे नमदे म्हणजे जाड गालिचे करते. गोंगाट वाढला की मागच्या खोलीत जाते, पाच जाड गोधड्या अंगावर ओढते आणि वीस मिनिटांनी बाहेर येते. तिला सांगावं लागत नाही. त्या दिवशी मात्र मी मनात म्हणत होतो, आज नको गं, सगळे बघतायत.

नारीन शहरातून अकरा पाहुणे आले. त्यांना बघून रिवाजाप्रमाणे बायकांनी मोठ्यानं विलाप सुरू केला आणि उलजान गेलीच.

पाहुण्याला उघड्या जमिनीवर बसवणं म्हणजे आमच्याकडे नाचक्की. सायरा स्वतः मागच्या खोलीत अंथरायच्या गोधड्या आणायला धावली. एक उचलली, दुसरी उचलली, पाचवी उचलली आणि किंचाळली. सगळं अंगण दारात गोळा झालं.

उलजान डोळे न उघडता म्हणाली, "अजून नऊ मिनिटं आहेत."

"बघा! हिला इथं ठेवायचं? आईच्या जेवणाला झोपतेस गं?"

"झोपले नाही, मावशी. इथं आले नसते तर तुला चावले असते."

झापार आजोबा खो खो हसले. "सायरा, गोधड्या टाक तिच्या अंगावर. पाहुणे खोगिरांवर बसतील."

नऊ मिनिटं सगळे हळू बोलले. सायरासुद्धा. मग उलजान बाहेर आली, हात धुऊन बसली. मी तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं.

"बाबा, तुम्ही नका. मी बोलते. मी जाणार नाही. माझी लोकर इथं आहे."

"ठरलं," आजोबा म्हणाले आणि मांसाकडे वळले.

सायराचा चेहरा पडला. "आणि मी तिकडे बोलायचं कुणाशी? चार खोल्या, एकटी मी."

उलजाननं विचार केला. "बाबांना ने. ते रिकामेच असतात."

"अगं, मला विचारलंस का?" मी म्हणालो.

"नाही विचारलं. चुकलं. बाबा, जाता का?"

"नाही."

"मावशी, ते नाही म्हणतात," तिनं सायराला सांगितलं.