उलटी टेकडी

तंत्रनिकेतनात तिला सगळे दुर्बीणबाई म्हणत. जमीन मोजायची विद्या ती शिकवायची, तीही तिपाईवरच्या जुन्या दुर्बिणीने, जिच्यातून सगळं जग खाली डोकं वर पाय दिसतं.

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलायचा होता. ड्रोन आणि नवी सॉफ्टवेअर शिकवायची, तर तासांसाठी कशाला तरी कात्री लावणं भाग होतं. समितीत बाहेरचे म्हणून एक पूल बांधणारे इंजिनिअर होते. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"बाई, ही दुर्बीण आमच्या साइटवर कुणी हातातही धरत नाही. का शिकवता?"

बाई कागदावरची ती ओळ पुन्हा वाचू लागल्या. प्राचार्य म्हणाले, "उद्या सकाळी ठरवू."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग तू का शिकवतेस गं?"

"सवय, आई. दुसरं काय!"

बोलून गेली खरी, पण मनाला ते पटेना.

सकाळी ती लवकर निघाली. कॉलेजमागच्या मैदानावर धुकं उतरलं होतं. तिने तिपाई रोवली, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला आणि दुर्बिणीला डोळा लावला. धुकं वर गेलं होतं, आभाळ खाली साचलं होतं, आणि टेकडी आपल्या झाडांसकट वरून अलगद लोंबत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक माणूस त्या चित्रात आला, छताला उलटी माशी चालावी तसा, आणि मोठा मोठा होत गेला.

ते पूलवाले साहेबच होते.

"सरका जरा," ते म्हणाले आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पहिल्या वर्षाला असताना हे बघून मी घरी सांगितलं होतं, आज टेकडी उलटी टांगलेली पाहिली म्हणून. थोरल्या भावाने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का ते!"

दोघं हसली. मग आळीपाळीने बघत राहिली, एकमेकांना "तो पक्षी पाहा" म्हणत. धुकं विरळ झालं तसा साहेबांनी सुस्कारा सोडला.

"तरी काढावं लागेल, बाई."

"कळतंय मला," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं, पण हट्ट करावासा वाटला नाही. "एक सकाळ तेवढी ठेवा. अगदी पहिली. गुण नकोत, परीक्षा नको."

बैठकीत प्राचार्यांनी चष्मा सावरला. "ठेवली. पण उद्दिष्टाच्या रकान्यात लिहू काय?"

बाई म्हणाल्या, "लिहा, विद्यार्थी घाई न करता पाहील."

"अहो, हे मोजणार कसं?"

"नका मोजू," पूलवाले साहेब म्हणाले. "आम्ही उरलेलं सगळं मोजतोच की."

प्राचार्यांनी मान हलवली, पण लिहिलं. बाकीचे तास ड्रोनकडे गेले.

नव्या सत्राच्या पहिल्या सकाळी मैदानावर रांग लागली. मागचे चुळबुळ करत होते. एक मुलगी दुर्बिणीवरून डोळा हलवायलाच तयार नव्हती.

"अगं, दुसऱ्यांनाही बघू दे," बाई म्हणाल्या.

"थांबा ना बाई, तिकडे कुणीतरी सायकल शिकतंय. पडलं तर वर पडेल!"

रांगेत हशा पिकला. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही.