निळ्या फायलीचा हेवा

तुम्हाला कधी एखाद्या प्लास्टिकच्या फायलीचा हेवा वाटला आहे का? मला वाटतो. मी ग्वाल्हेरच्या एका मराठा घरातली शिंदेशाही पगडी आहे, आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

माझा जन्म इथल्याच खासगी बाजार नावाच्या पेठेतला. पगड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने चंदेरीचं गुलाबी कापड पिळून, वळवून, माझी चोच अशी टोकदार काढली की गिऱ्हाइकं नुसतं बघायलाही थांबायची. माझे आताचे मालक जयसिंहराव, त्यांच्या वडिलांनी आपल्या लग्नात मला मिरवलं. मग जयसिंहरावांच्या लग्नात मी त्यांच्या डोक्यावर बसले. दसऱ्याला मला कुंकू लागायचं. पुढे दर्पण कॉलनीतल्या घरी आल्यावर माझ्यासाठी काचेची पेटी केली. घरात येणारा माणूस चहाच्या आधी माझ्याकडे बघायचा.

जयसिंहराव माधवगंजातल्या एका कापडाच्या दुकानात हिशेब बघतात. पगार बेताचा, पण माझ्याखालच्या खुर्चीत बसले की पाठ ताठ होते. त्यांची मुलगी शिखा दर रविवारी मऊ फडक्याने माझी काच पुसायची. आई गेल्यापासून घरातलं सगळं तीच बघते.

यंदा शिखाला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला आणि घरात ती निळी फाइल आली. बाजारात ढिगाने मिळते तसली! तिच्यात गुणपत्रिका, कॉलेजच्या फीचा कागद, बँकेचं माहितीपत्रक. शिखा तिला उशाशी घेऊन झोपायची. पाहुणे आले की विचारायचे, "फाइल पूर्ण झाली का?" माझ्या काचेवर धूळ बसली. कुणाला पडली होती?

एका संध्याकाळी शिखा मोबाइल बघता बघता एकदम उभी राहिली.

"बाबा, स्कॉलरशिपचा अर्ज परत आला. लिहिलंय, उत्पन्न जास्त आहे. अपनी आमदनी जास्त कधी झाली?"

जयसिंहरावांच्या मोठ्या बहीण लीलाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली.

"जयसिंग, उत्पन्नाचं आय प्रमाणपत्र काढताना तू काय सांगितलंस?"

"ताई, मागे रांगेत आपल्या गल्लीतले दिनकरराव उभे होते. दोन-चार आपले लोकही होते. काउंटरवाल्याने मोठ्याने विचारलं, 'सालाना आमदनी?' त्यांच्यासमोर खरा आकडा कसा सांगणार? दुप्पट सांगितली."

"वा! आणि वाढलेला पगार घरी आणायला विसरलास वाटतं!"

मला मात्र आनंद झाला. खरंच झाला. आता ती फाइल माळ्यावर जाईल, शिखा फडकं घेऊन माझ्याकडे येईल, असं मला वाटलं.

जयसिंहराव म्हणाले, "जाऊ दे. सगळ्या फीचं बँकेचं कर्ज काढू. कर्ज इज्जतीचं असतं. मदत मागायला आपण कुणाच्या दारात गेलो नाही आजवर."

किती शोभलं ते त्यांना! माझी चोच अजून वर झाली असती, पण कापडाला तेवढं जमत नाही.

शिखा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, मी कॉलेजात विचारून आलेय. आधी स्कॉलरशिप, ती परत करायची नसते. मग कॉलेजची फीमध्ये सवलत, त्यासाठी वेगळा अर्ज. बाकीची फी हप्त्यांनी भरता येते. एवढं करून जे उरेल तेवढंच कर्ज. ते व्याजासकट परत करायचं, आणि नोकरी लागल्यावर मीच करायचं." तिचा आवाज बारीक झाला. "आपकी इज्जत की किश्त मैं भरूँ, बाबा?"

लीलाताई मेथीच्या काड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिल्या.

"अर्ज दुरुस्त करायला मुदत आहे अजून," शिखा म्हणाली. "पण खरं उत्पन्न तुम्हालाच सांगावं लागेल."

"तिथेच? त्याच काउंटरवर?"

"त्याच."

जयसिंहरावांनी वर माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात म्हटलं, बसा ताठ, ऐकू नका पोरीचं. मग त्यांनी हात लांब करून ती फाइल मांडीवर घेतली आणि तिच्यावरचा चहाचा डाग आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसला. बाहीने! माझ्यासाठी त्यांनी कधी फडकंसुद्धा हातात घेतलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी फाइल माझ्या पेटीवरच ठेवली, सकाळी सापडावी म्हणून, आणि आता तिची जागा तीच झाली आहे. तुम्ही कधी या घरी आलात तर एवढं करा. आधी माझ्याकडे बघा. मग हवं तर त्या फायलीची चौकशी करा. आणि तिला माझ्या डोक्यावरून उचलून दुसरीकडे कुठेही ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंहराव लेकीला बरोबर घेऊन लोकसेवा केंद्राच्या त्याच रांगेत उभे राहिले, आणि, शिखा घरी येऊन लीलाताईंना सांगत होती, काउंटरवर त्यांनी आपला खरा पगार मागच्या माणसालाही ऐकू जाईल असा सांगितला.