बाळंतिणीचा माग

शकुंतला सिस्टरांनी जन्मात कधी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आष्ट्याच्या आसपासच्या गावांत आरोग्यसेविका म्हणून छत्तीस वर्षं काढली, वाड्यावस्त्यांवर पायी हिंडल्या, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून मोबाईल शिकल्या. त्यांच्या हातून जे झालं ते या मोबाईलमुळं झालं, असं पुढं त्या सांगत. पण लगेच, मोबाईलला कशाला नाव ठेवायचं, लिहिलं तर मीच, असंही म्हणत.

त्या वर्षी कुपवाडची एक बाळंतीण बेपत्ता झाली. तहरीम तिचं नाव. बाळ बारा दिवसांचं, मुलगी, सीझरनं झालेली. नवरा सरफराज कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, घरात सरफराज, त्याची आई आबेदा आणि ही. दुपारी सासू अंघोळीला गेली आणि बाहेर आली तर सून नाही, नात नाही. मोबाईल उशीखाली तसाच. पोलिसांत तक्रार झाली, स्टँडवर, स्टेशनवर चौकशी झाली, काही हाती लागलं नाही.

पोलिसांच्या हाती लागलं नाही, पण फेसबुकच्या हाती सगळं लागलं. ‘हरवलेल्यांच्या मागावर’ नावाचा एक ग्रुप होता, चाळीस हजार माणसांचा. तो चालवणारा मुकुल म्हणून कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा. तिथं रोज नवा तर्क निघायचा. कुणी म्हणायचं, माहेरच्या कुणाबरोबर गेली. कुणी म्हणायचं, बाळ विकलं. कुणी त्या इमारतीचा नकाशा काढून बाण मारले होते. तहरीमला आईबाप नव्हते. कराडला एक थोरला भाऊ होता, शाहनवाज. तो बिचारा रडत कुणाशी तरी बोलला, त्याचाही व्हिडिओ फिरला.

सिस्टर हे सगळं रोज वाचायच्या. पहिले आठ दिवस नुसत्या वाचत होत्या. मग एका दुपारी त्यांनी लिहिलं: ‘मी निवृत्त नर्स आहे. सीझर झालेली बाई बाराव्या दिवशी बाळ आणि पिशवी घेऊन तीन मजले एकटी उतरू शकत नाही. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे.’

लिहिताना त्यांना चांगलं माहीत होतं की असं काही पक्कं नसतं. सीझरनंतर दहाव्या दिवशी विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाया त्यांनी स्वतः रागावून घरी पाठवल्या होत्या. पण ‘बहुतेक’ आणि ‘सहसा’ घातलं की वाक्य पुळचट वाटत होतं, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. संध्याकाळपर्यंत दोन हजार लोकांनी ते वाक्य उचललं. नर्सबाई सांगतायत म्हणजे बाई स्वतः गेलीच नाही. मग नेली कुणी? घरात नवराच. दुसऱ्या दिवशी सरफराजचा फोटो लाल वर्तुळ करून सगळीकडं लागला. सिस्टरांना वाटलं, आपण तपासाला दिशा दिली. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाच-सहा पोरं त्या इमारतीच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ फावड्यानं खणत होती. तिथली माती नवीन दिसते, असं कुणीतरी शोधून काढलं होतं. सरफराजला मालकानं काही दिवस कामावर येऊ नको म्हणून सांगितल्याचं मागून एकजण हसत हसत सांगत होता. तेवढ्यात जिन्यातून एक म्हातारी उतरून आली. डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही. ती आबेदा. पोरांना वाटलं, ही आता शिव्या देणार. मोबाईल तिच्याकडं वळले. ती खड्ड्याच्या कडेला थांबली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, “बाबांनू, सापडलं काय तर मला बी सांगा.”

एवढंच बोलली आणि टाकीच्या कठड्याला धरून उभी राहिली.

सिस्टरांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला.  सकाळी पहिल्या एसटीनं त्या सांगलीला आणि तिथून रिक्षानं कुपवाडला गेल्या.

दार सरफराजनं उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दारावर कुणीतरी खडूनं काहीबाही लिहिलेलं, ते अर्धवट पुसलेलं होतं. सिस्टरांनी आत पाऊल टाकायच्या आधीच सांगून टाकलं की तुमच्यावर ज्या नर्सच्या बोलण्यावरून बालंट आलं ती नर्स मीच. माझं लिहिणं चुकलं.  दार लावून घ्यावं की काय, अशा विचारात तो उभा असताना आतून आबेदा आली. 

“तुमी नर्स हाय म्हंता,” ती म्हणाली, “मग आता तुमीच सांगा, कुठं गेली आसंल?”

माफीबिफीचं नाव नाही. पण तिनं सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. आणि सिस्टरांनी, चाळीस हजार माणसांतल्या एकानंही जे विचारलं नव्हतं, ते विचारायला सुरुवात केली. तहरीम झोपत होती का? जेवत होती का? बाळाला कसं घ्यायची?

आबेदा आठवून आठवून सांगायला लागली. जेवण कमी झालं होतं. बाळ झोपलं तरी ही जागीच. आणि एक विचित्र खोड लागली होती: गॅलरीचं दार सारखं लावून घ्यायची, वर कडीला दोरी बांधायची. बाळाला घेऊन गॅलरीकडच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. एकदा सासूला म्हणाली, अम्मी, आपण खाली कुठंतरी राहायला जाऊ या. सासूला वाटलं, वेगळं बिऱ्हाड करायचं मनात आहे. ती रागानं दोन शब्द बोलली. सांगता सांगता आबेदानं पदर तोंडाला लावला.

सिस्टरांना उलगडलं. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन आजारी पडतं. डोक्यात नको ते येतं, की आपल्याच हातून लेकराला काही होईल. तोंडानं सांगायची सोय नसते. आई असून असं मनात येतंच कसं, म्हणतील लोक. ही पोर माणसांना भिऊन पळाली नव्हती. ती त्या गॅलरीला भ्याली होती.

“जाताना काय काय नेलं?” त्यांनी विचारलं.

दुपटी, टोपरी, बाळाचं तेल. सरफराज म्हणाला, पोलिसांना यादी दिलीय, त्यात विशेष काही नाही. मग सहज म्हणाला, डोसाचं कार्डपण दिसत नाही.

सिस्टर सरसावून बसल्या. लसीचं कार्ड म्हणजे दवाखान्यातून मिळालेला साधा पुठ्ठा. त्यावर पुढची तारीख असते, दीड महिन्याची. मरायला निघालेली बाई ते नेत नाही, आणि बाळ पळवणाराही नेत नाही. ते नेते ती लेकराला वाढवायला निघालेली आई.

“ती डोस चुकवायची न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “कुठंतरी घेऊन येईलच.”

त्या दिवसापासून त्यांनी ग्रुप उघडला नाही. जुनी डायरी काढली आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत ओळखीच्या जेवढ्या नर्स होत्या, तेवढ्यांना एकेक करून फोन लावले. कुठं काही लिहू नका, कुणाला बोलू नका, फक्त परगावचं कार्ड घेऊन कुणी दीड महिन्याची मुलगी आणली तर मला कळवा. कुणी हसल्या, कुणी सिस्टर अजून रिटायर झाल्या न्हाईत म्हणाल्या. दहा दिवस काही नाही. आबेदा रोज फोन करायची. दोघींना बोलायला काही नसायचं, तरी ठेवायच्या नाहीत.

अकराव्या दिवशी लोहार सिस्टरांचा फोन आला. कराडच्या पलीकडं, कोयनेकाठच्या एका गावात त्या नेमणुकीला होत्या. एक बाई आशाताईकडं विचारायला आली होती, सांगली जिल्ह्यातलं कार्ड इथं चालतं का म्हणून. नाव नीट सांगत नव्हती. “मी फोनवर जास्त बोलत न्हाई,” लोहार सिस्टर म्हणाल्या. “गुरुवारी अंगणवाडीत डोस हाय. तुमी या.”

सिस्टरांनी आबेदाला सांगितलं नाही. नसती आशा लावून ती खोटी ठरली तर त्या म्हातारीचं काय झालं असतं? त्या एकट्याच गेल्या.

अंगणवाडीच्या ओट्यावर दहा-बारा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. कोपऱ्यात एक बारीक अंगाची मुलगी, शेजारी एक वयस्क बाई. फोटोतल्यापेक्षा ती वाळली होती, तरी सिस्टरांनी ओळखली.  त्या सावकाश जाऊन शेजारी टेकल्या आणि बाळाकडं बघत म्हणाल्या, “दूध पुरतं का गं?”

“पुरतं,” तहरीम म्हणाली.

“आन् तिकडं वरच्या मजल्यावर लय भ्या वाटायचं, व्हय?”

ती एकदम दचकली. बाळाभोवतीचा हात घट्ट झाला. तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिनं अगदी हळू विचारलं.

“कुणी न्हाई. नोकरीत अशा पाच-सात पोरी बघितल्यात मी. आपल्याच हातनं लेकरू पडंल, असं त्यांच्या मनात यायचं. एकीच्याबी हातनं पडलं न्हाई. औषध असतं त्याला, पोरी. आजार हाय त्यो, तू वाईट न्हाईस.”

तहरीम रडायला लागली ती थांबेना. बाळाला शेजारच्या बाईनं घेतलं. ती रुक्सारखाला, म्हणजे रुक्सारमावशी. तहरीमच्या आईची जुनी मैत्रीण, बांगड्या भरायची, पत्र्याच्या बैठ्या घरात एकटी राहायची. तिच्याजवळ साधा फोन होता. जगात काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. घरी सांगून आलेय, असं पोरीनं सांगितलं आणि तिनं विश्वास ठेवला.

नंतर तहरीमनं सगळं सांगितलं. गॅलरीपाशी गेलं की हात आपोआप पुढं होतील असं वाटायचं. त्या दुपारी ते इतकं वाटलं की बाळाला छातीशी बांधलं, पिशवी घेतली आणि एकेक पायरी बसत बसत ती तीन मजले उतरली. टाके ओढत होते. फोन मुद्दाम ठेवला, कारण सरफराजचा आवाज ऐकला असता तर ती परत गेली असती, त्याच घरात. रोज उद्या कळवू म्हणायची, आणि जितके दिवस गेले तितकं तोंड दाखवणं अवघड झालं.

बसत बसत उतरली, हे ऐकताना सिस्टरांनी मान खाली घातली.

डोस झाला, बाळ किंचाळून गप्प झालं, आणि मग तहरीमच्याच होकारानं सिस्टरांनी सरफराजला फोन लावला. का गेलीस हे विचारायचं नाही, आधी नुसतं बसायचं, असं त्याला बजावलं. तो आईला मोटरसायकलवर मागं बसवून आला. ओट्यावर बायकोसमोर बसला. मग म्हणाला, “खालची खोली बघतो मी.” आबेदानं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

पोलिसांत जबाब झाला. सांगलीला एका डॉक्टरबाईंकडं औषध सुरू झालं. शाहनवाज कुपवाडला येऊन मेव्हण्याच्या गळ्यात पडला. मालकानं सरफराजला परत बोलावलं, पण तो दुसऱ्या कारखान्यात लागला. त्या जागी त्याला जाववेना.

मुकुलनं सिस्टरांना फोन करून व्हिडिओ मागितला, आईबाळाचा, दोन मिनिटांचा. सिस्टर नाही म्हणाल्या. एकदाच ग्रुप पुन्हा उघडून त्यांनी चारच ओळी लिहिल्या: आई आणि बाळ सुखरूप आहेत. मी जे ठासून लिहिलं ते चूक होतं. त्यामुळं एका घराचे हाल झाले, मला माफी मागायची आहे. फोटो काढून टाका. कुणी म्हणालं, ही बाई विकली गेली. बहुतेकांनी वाचलंच नाही. तोवर दुसरं कुणी हरवलं होतं. पण तीन दिवसांनी सरफराजचा फोटो निघाला, आणि आठवड्यानं मुकुलचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज खाली होता. बहीण बाळंतपणाला आलीय, म्हणाला, तिच्याकडं काय लक्ष ठेवायचं? सिस्टर त्याच्याशी तासभर बोलल्या.

औषधाला तीन-चार महिने लागले. मध्ये काही दिवस वाईट गेले, तेव्हा रुक्सारखाला येऊन राहिली. मग एके सकाळी आष्ट्यात सिस्टरांच्या दारात तहरीम उभी. काखेत लेक जोया, खांद्याला पिशवी. कुपवाडहून एसटीनं आली होती.

“एकटी आलीस?”

“व्हय. हिला सहा महिने झाले, आता खायला काय घालू ते विचारायचं होतं. फोनवर समजंना.”

सिस्टरांनी नाचणीचं सत्त्व शिजवलं, निवत ठेवलं, आणि चमचा तिच्याच हातात दिला. जोयानं पहिला घास जिभेनं बाहेर ढकलला, दुसरा आईच्या ओढणीवर उडवला. तहरीम हसली आणि तिसरा घास तिनं बोटानं भरवला. तो गेला.